जुन्या साच्यातून शिशाची वजनं नीट उतरत नाहीत: दोष साच्याचा की आणखी कशाचा?

आधी प्रश्न थोडक्यात मांडतो, म्हणजे नंतर वाचणाऱ्यांनाही संदर्भ लागेल. तुमच्याकडे कुणीतरी वापरून सोडलेला अॅल्युमिनियमचा साचा आला आहे. गळाच्या दोरीला लावायची, गोळीच्या आकाराची, वर तारेची कडी असलेली वजनं त्यात पडतात. साच्यावर ५० ग्रॅमचा आकडा कोरलेला आहे. निम्म्या नगांवर सुरकुत्या येतात, काहींचं टोक भरत नाही, जोडावर पातळ पापुद्रा सुटतो, आणि दिसायला चांगले उतरलेले नगसुद्धा ४७ ग्रॅमच भरतात. शिसं मिश्र भंगारातलं आहे, ते संपल्यावर जुन्या बॅटऱ्या फोडायचा विचार आहे, आणि वितळवणं चाललंय स्वयंपाकघरातल्या गॅसवर. तुम्ही विचारताय की खळगे बारीक पॉलिश पेपरने घासले तर साचा सुधारेल का, की नवाच घ्यावा.

घासू नका. माझ्या हातून गेलेले साचे बहुतेक वापरलेलेच होते, आणि त्यातले खरोखर निकामी फार थोडे निघाले. जे निकामी निघाले, त्यांच्यात जास्त भरणा आधीच्या मालकाने पेपर फिरवलेल्यांचा होता. खळग्याच्या कडेवरचा धारदार कोपरा एकदा गोल झाला की तिथे कायमचा पापुद्रा येतो आणि तो कोपरा परत आणता येत नाही. तुमच्या तक्रारींपैकी साच्याच्या तब्येतीवर थेट बोट ठेवते ती फक्त पापुद्र्याची, आणि तिचंही कारण दुसरंच असू शकतं. बाकीचं सगळं उष्णता, स्वच्छता आणि धातू या तीन गोष्टींकडे जातं.

अर्थात मी तुमचा साचा पाहिलेला नाही. भांड्यातल्या धातूचं तापमान तुम्ही मोजलेलं नाही, तारेची जाडी लिहिलेली नाही. त्यामुळे मी अंदाजाने एकच कारण ठोकून देणार नाही. कोणतं कारण कसं ओळखायचं ते सांगतो. निदान तुमचं तुम्हालाच करता येईल.

त्याआधी बॅटरी आणि स्वयंपाकघर, कारण तिथे चूक झाली तर नग बिघडण्यापेक्षा बरंच काही बिघडतं.

बॅटरीचा विचार सोडून द्या. आत हवं तसं धातुरूप शिसं फार नसतंच. बरचसं वजन शिशाच्या ऑक्साइड आणि सल्फेटच्या लगद्याचं असतं, आणि त्यात गंधकाम्ल मुरलेलं असतं. तो लगदा घरच्या भांड्यात वितळून शिसं होत नाही, त्याची नुसती विषारी भुकटी होते. पट्ट्यांच्या जाळीत अँटिमनी, आर्सेनिक किंवा कॅल्शियम मिसळलेलं असतं. असं शिसं वितळवून वर आलेल्या मळीला नंतर ओलावा लागला तर आर्साइन आणि स्टिबाइन हे वायू सुटू शकतात. दोन्ही अत्यंत विषारी. म्हणजे वितळवताना काही झालं नाही, मळीचा डबा कोपऱ्यात ठेवला, दमट हवा लागली आणि मग त्रास सुरू झाला, असंही होऊ शकतं. बॅटरी जशी आहे तशी, न फोडता, पुनर्वापरासाठी घेणाऱ्याकडे द्या.

आता स्वयंपाकघर. शिसं ३२७ अंश सेल्सिअसला वितळतं आणि १७४९ अंशांना उकळतं. ओतकामाच्या तापमानाला, म्हणजे चारशेच्या आसपास, त्याची वाफ फारशी होत नाही. पाचशेच्या पुढे मात्र धुराचा प्रश्न वाढत जातो. हे ऐकून काही जण निर्धास्त होतात. पण घरगुती कामात शिसं शरीरात जातं ते मुख्यतः धुळीतून आणि हातांवरून. वितळलेल्या धातूवर येणारी राखाडी-पिवळसर मळी म्हणजे ऑक्साइडची बारीक पूड. ती ढवळताना उडते, ओट्यावर बसते, पुसायच्या फडक्याला लागते आणि तिथून पोटात जाते. मुलांच्या मेंदूवर शिशाचा परिणाम अगदी कमी मात्रेतही होतो, आणि जागतिक आरोग्य संघटनेच्या म्हणण्याप्रमाणे शिशाची सुरक्षित अशी कोणतीही पातळी माहीत नाही. गरोदर बाईच्या रक्तातलं शिसं गर्भापर्यंत पोचतं. तेव्हा घरातल्या गॅसवर, एक्झॉस्ट पंखा लावून, मुलं शाळेत असताना, अशी कुठलीही तडजोड यात बसत नाही. काम बाहेर, छपराखाली पण मोकळ्या हवेत, वारा पाठीकडून येईल असं. त्यासाठी वेगळी विजेची शेगडी किंवा थर्मोस्टॅट असलेलं ओतकामाचं भांडं ठेवा, आणि ते भांडं, पळी, चिमटा परत स्वयंपाकघरात कधीही जाऊ देऊ नका.

भांडं बिडाचं किंवा जाड पोलादी घ्या. अॅल्युमिनियमचं पातेलं नको: ते ६६० अंशांना वितळत असलं तरी त्याच्या कितीतरी आधी लुळं पडतं, आणि चार-पाच किलो शिशाने भरलेलं पातेलं उचलताना कान निसटला तर सावरायला वेळ मिळत नाही. जस्ताचा मुलामा दिलेलं भांडंही नको, जस्त धातूत उतरतं. काम करताना खाणं, पिणं, तंबाखू बंद. कपडे पूर्ण बाह्यांचे आणि सुती. सिंथेटिक कापड वितळून कातडीला चिकटतं. बूट चामड्याचे आणि विजार बुटाच्या वरून. डोळ्यांवर गॉगल किंवा तोंडावर पारदर्शक ढाल, हातात चामड्याचे मोजे. मळी काढताना बारीक कण अडवणारा रेस्पिरेटर लावा, कापडी मास्क त्या कामाचा नाही. नंतर झाडू मारायचा नाही, ओल्या फडक्याने टिपून घ्यायचं. कपडे वेगळे धुवायचे. हे काम नेहमी करणार असाल तर डॉक्टरांना सांगून रक्तातलं शिसं अधूनमधून तपासून घ्या. साधी रक्ताची चाचणी असते.

पाण्याबद्दल मी थोडा जास्त बोलणार आहे, कारण नव्या माणसाला भीती नको तिथे असते. वितळलेल्या शिशाच्या पृष्ठावर पाण्याचा थेंब पडला तर तो चुरचुरतो आणि उडून जातो. धोका आहे तो पृष्ठाखाली गेलेल्या पाण्याचा. एक मिलिलिटर पाण्याची वाफ झाली की ती दीड लिटरहून जास्त जागा मागते. ती वाफ धातूच्या खाली झाली तर वरचं सगळं शिसं ती चेहऱ्यावर फेकते. आता पाणी धातूखाली जातं कसं? तापलेल्या भांड्यात टाकलेल्या गार तुकड्यातून. शिशाचा तुकडा जड, तो थेट तळाशी बसतो. समुद्रातून किंवा नदीतून काढलेल्या जुन्या वजनांच्या भोकात चिखल आणि ओल अडकलेली असते. चेपलेल्या नळीच्या घडीत, केबलच्या सालीच्या गुंडाळीत पाणी राहतं, आणि वरून ते दिसत नाही. म्हणून भंगार नेहमी गार भांड्यात भरायचं आणि सगळं एकत्र तापवत न्यायचं, म्हणजे शिसं वितळायच्या कितीतरी आधी ओल निघून गेलेली असते. मध्येच भर घालायची असेल तर आधीच साफ करून ओतून ठेवलेल्या लगडी घ्या, त्या भांड्याच्या काठावर चांगल्या तापू द्या आणि मगच चिमट्याने सोडा. ढवळायची पळी, काडी, तार, साचा, सगळं कोरडं. नग गार करायला पाण्याची बादली जवळ ठेवायची काही लोकांना सवय असते. गळाच्या वजनांना त्याचा काही उपयोग नाही. जाड सुती कापडावर टाका, आपोआप गार होतात.

आता धातू. तुमच्या भंगारात नेमकं काय आहे यावर निम्मा निकाल अवलंबून आहे. छपराचे पत्रे, जुन्या नळ्या, केबलची साल हे साधारण मऊ, जवळजवळ शुद्ध शिसं असतं. नखाने ओरखडा उठतो, जमिनीवर टाकलं तर बद्द आवाज येतो. चाकांच्या बॅलन्सिंगची वजनं अँटिमनी घातलेली, कठीण असतात, आणि हल्ली त्यांच्यात जस्ताची आणि लोखंडाची वजनंही मिसळलेली येतात. लोखंड लोहचुंबकाला लागतं. जस्त टाकल्यावर खणखणतं, नखाने ओरखडत नाही, आणि त्यावर हायड्रोक्लोरिक आम्लाचा थेंब ठेवला तर बुडबुडे फेसाळून येतात. (हे बाहेर करा, आणि तपासलेला तुकडा धुऊन पूर्ण वाळवल्याशिवाय भांड्याजवळ आणू नका.)

जस्तावर एवढा भर देण्याचं कारण असं की थोडंसं जस्त पूर्ण भांडं नासवतं. धातू दाट होतो, वर जाडसर थर धरतो, पळीतून सरळ धार पडत नाही आणि साच्याच्या कोपऱ्यात तो शिरतच नाही. तुमची न भरलेली टोकं यातूनही येऊ शकतात. जस्त ४२० अंशांना वितळतं आणि शिशापेक्षा हलकं असतं. त्यामुळे पहिली वितळ करताना तापमान ३५० ते ३७० अंशांत ठेवलं, तर चुकून आलेले जस्ताचे तुकडे न वितळता वर तरंगतात. झाऱ्याने लगेच काढून टाका, तिथेच सोडलेत तर हळूहळू विरघळत जातात. एकदा मिसळलं की घरी ते वेगळं काढण्याच्या भानगडीत पडू नका, ती लगड बाजूला ठेवा आणि भंगारात द्या.

पहिली वितळ आणि नग ओतणं ही दोन कामं वेगवेगळ्या दिवशी करा. पहिल्या दिवशी भंगार वितळवायचं, कचरा काढायचा, थोडं मेण किंवा कोरडा लाकडाचा भुसा वर टाकून कोरड्या लाकडी काडीने तळापासून ढवळायचं. मेण भडका घेतं, तेव्हा वाकून पाहू नका. मेणातला कार्बन वरच्या ऑक्साइडमधला काही धातू परत खाली आणतो आणि उरलेली काळी-राखाडी पूड सैल होऊन वर येते. ती झाकणाच्या पत्र्याच्या डब्यात भरा, डब्यावर नाव लिहा, कोरड्या जागी ठेवा. मातीत किंवा गटारात टाकू नका. स्वच्छ धातूच्या लगडी पाडून ठेवल्या की दुसऱ्या दिवशी साच्याचं काम निवांत होतं आणि दोष शोधताना धातूवरचा संशय आधीच मिटलेला असतो.

आता साच्याकडे येऊ. जुना साचा हातात आला की मी तो तापवायच्या आधी उजेडासमोर धरतो. दोन्ही अर्धे मिटवायचे, हँडल हाताने जेवढं दाबतो तेवढंच दाबायचं, आणि जोडातून उजेड दिसतो का ते पाहायचं. सगळीकडून सारखा बारीक उजेड दिसला तर बहुधा तोंडावर, म्हणजे दोन अर्धे एकमेकांना भिडतात त्या सपाट भागावर, शिशाचा कण किंवा गंज बसलाय. एका बाजूने जास्त आणि दुसरीकडे काहीच नाही, तर बिजागरीत खेळ आहे किंवा जोडाच्या खुंट्या झिजल्यात. मग साचा उघडून आतल्या सपाट तोंडांवरून बोटाचं टोक फिरवा. अॅल्युमिनियम मऊ असतं, पोलादी पान्याने ठोकल्यावर कडेवर उंचवटा उठतो. तो डोळ्याला दिसत नाही, पण बोटाला लागतो. एवढा उंचवटाच काय तो चपट्या दगडाने हलक्या हाताने, फक्त तिथल्या तिथे उतरवायचा. खळग्याच्या कडेला स्पर्श करायचा नाही.

तोंडांवर खळग्यापासून बाहेरपर्यंत केसासारख्या बारीक रेघा दिसतील. त्या ओरखडे नाहीत. शिसं आत येताना हवा तिथून बाहेर जाते. त्या तेलकट काजळीने किंवा शिशाने बुजल्या की हवा आत कोंडते आणि टोक गोल राहतं. टोक हा खळग्याचा सगळ्यात लांबचा भाग, म्हणून पहिला बळी तोच. बारीक पितळी ब्रश आणि लाकडी काडी यांनी रेघा मोकळ्या करा. चिकटलेलं शिसं साचा तापवून कोरड्या सुती कापडाने किंवा लाकडी काडीने पुसलं की निघतं. सुई, चाकू, स्क्रू-ड्रायव्हर यांतलं काहीही नको.

आणि तेल. वापरलेला साचा विकताना लोक त्याला गंज लागू नये, चकचकीत दिसावा म्हणून तेल फासतात. अॅल्युमिनियमला त्याची गरज नसते, पण फासतात. हे तेल खळग्याच्या सूक्ष्म छिद्रांत बसतं आणि तापल्यावर त्याची वाफ धातू आणि भिंत यांच्यामध्ये गादीसारखी पसरते. तुमच्या सुरकुत्यांचं पहिलं संशयित हेच. साचा साबणाच्या गरम पाण्याने आणि जुन्या टूथब्रशने घासा, धुवा, मग अॅसिटोनने पुसा. (अॅसिटोनजवळ विस्तव नको, आणि बाटली बंद करून लांब ठेवा.) त्यानंतर साचा उघडा ठेवून शेगडीवर मंद आचेवर चांगला वेळ तापवा. बिजागरीच्या पोटात राहिलेलं पाणीसुद्धा जायला हवं, कारण वर पाण्याबद्दल जे लिहिलं ते इथेही लागू आहे. खळग्यांना मेणबत्तीच्या ज्योतीची काजळी धरायची जुनी रीत आहे. स्वच्छ साच्यात तिची सहसा गरज लागत नाही. नग चिकटून राहत असेल तरच पातळ थर द्यावा. जाड काजळी पुन्हा त्या रेघा बुजवते.

एक गोष्ट बहुतेकांच्या नजरेतून सुटते: कडीची तार. साच्यात तारेसाठी अर्धगोल खाच असते, ती ठरावीक जाडीच्या तारेसाठी कापलेली असते. आधीच्या मालकाने कोणती तार वापरली हे तुम्हाला कुणी सांगत नाही. तुम्ही हाताशी आहे ती तार लावता, ती खाचेपेक्षा किंचित जाड असते, आणि साचा कितीही दाबला तरी पूर्ण मिटत नाही. पापुद्रा येतो, आणि दोष साच्याच्या माथी बसतो. तपासणं सोपं आहे. तार न लावता एक नग ओता. पापुद्रा गेला तर साचा निर्दोष, तार बारीक घ्या. उलट तार फार बारीक असेल तर खाचेतून शिसं बाहेर ओघळतं. खाचेत तार ठेवल्यावर ती तोंडाच्या पातळीच्या निम्मी वर आणि निम्मी खाली बसली पाहिजे.

तापमानावर थोडं सावकाश बोलू, कारण माझ्या मते तुमचं खरं दुखणं इथे आहे. गॅसवर अंदाजाने काम करताना माणूस धातूच्या उष्णतेकडे बघतो आणि साच्याची उष्णता विसरतो. शिसं चारशे अंशांवर असलं आणि साचा गार असला, तर भिंतीला लागताक्षणी बाहेरची साल गोठते, मागून येणारा धातू तिच्यावर दुमडतो, आणि तीच सुरकुती म्हणून दिसते. मग माणूस गॅस वाढवतो. धातू पाचशेकडे जातो, मळी दुप्पट होते, धूर वाढतो आणि सुरकुत्या तशाच राहतात, कारण साचा अजून गारच आहे. के टाइप थर्मोकपलचा एक साधा तापमापक घ्या. मऊ शिशासाठी ३८० ते ४०० अंश पुरतात, ४५० च्या वर जायचं कारण नाही. साचा शेगडीच्या कडेला ठेवून आधीच तापवा, आणि पहिले काही नग फक्त साचा तापवण्यासाठी आहेत असं धरून चाला. ते बघायचेसुद्धा नाहीत, परत भांड्यात टाकायचे. अॅल्युमिनियम पटकन तापतं आणि पटकन निवतं, म्हणून एकदा लय लागली की थांबायचं नाही. मध्येच नग न्याहाळत बसलात, फोन घेतला, तर साचा निवतो आणि पुन्हा सुरकुत्यांपासून सुरुवात. न्याहाळणं शेवटी.

ओतताना पळी भरलेली हवी. अर्धी पळी ओतून उरलेली दुसऱ्यांदा ओतली तर मध्ये सांधा राहतो. धार एकसंध, पण उगाच उंचावरून नाही. खळगा भरला की थांबायचं नाही, शिसं ओततो त्या वरच्या तोंडावर थोडं शिसं साचू द्यायचं. हा साठा महत्त्वाचा आहे: शिसं गोठताना आकसतं, आणि ते आकसणं भरून काढायला वरून धातू मिळाला पाहिजे. नाही मिळाला तर नग स्वतःच्या पोटातून घेतो, म्हणजे आत पोकळी राहते किंवा तोंडाशी खड्डा पडतो. साठ्याची चकाकी जाऊन तो मंद पडला की आणखी थोडं थांबून साचा उघडा. घाई केली तर अर्धवट गोठलेलं शिसं तोंडांवर सारवलं जातं आणि पुढच्या प्रत्येक नगाला पापुद्रा देतं.

नग हातात आल्यावर तो वाचता आला पाहिजे. चकचकीत पण सुरकुतलेला, तर साचा गार किंवा तेलकट. ओतत राहिल्यावर सुरकुत्या कमी होत गेल्या तर गार होता, नाही झाल्या तर तेल आहे. पूर्ण भरलेला पण दव पडल्यासारखा खरखरीत पांढरट, तर साचा जास्त तापलाय. गळाच्या वजनाला त्याने काही बिघडत नाही, लय जरा सावकाश करा. टोक गोल, बाकी नग स्वच्छ, तर हवेच्या रेघा बुजल्यात. एकाच खळग्यात सातत्याने दोष आणि शेजारचा खळगा निर्दोष, तर तेव्हा मात्र साच्यावर संशय घ्यायला हरकत नाही.

आता ते ४७ ग्रॅमचं कोडं. मला तुमच्या प्रश्नातला हा भाग सगळ्यात आवडला. साच्यावरचा आकडा शुद्ध शिसं धरून दिलेला असतो. शुद्ध शिशाची घनता ११.३४ आहे, म्हणजे ५० ग्रॅमच्या खळग्याचं आकारमान ४.४ घन सेंटिमीटर. वजन कमी भरण्याची तीन कारणं असू शकतात: खळगा पूर्ण भरत नाही, धातूच हलका आहे, किंवा आत पोकळी आहे. फरक ओळखायला एक वजनकाटा आणि एक भांडं पाणी पुरतं, दोन्ही स्वयंपाकघराबाहेरचे. चांगले दिसणारे दहा नग घ्या, एकत्र तोला. समजा ४७० ग्रॅम भरले. आता काट्यावर पाण्याचं भांडं ठेवून आकडा शून्य करा, दहाही नग दोऱ्यात ओवून पाण्यात पूर्ण बुडतील पण तळाला किंवा बाजूला टेकणार नाहीत असे धरून ठेवा. काट्यावर जितके ग्रॅम दिसतील तितके घन सेंटिमीटर त्या नगांचं आकारमान.

आकडा ४१.५ च्या आसपास आला तर ४७० भागिले ४१.५ म्हणजे ११.३. धातू शुद्ध शिसं आहे, फक्त खळगे पूर्ण भरत नाहीत. भिंगाखाली पाहिलंत तर कडा गोल दिसतील. साचा आणखी तापवा, हवेच्या रेघा साफ करा. आकडा ४४ आला तर नग बाहेरून पूर्ण आकाराचे आहेत, पण घनता १०.७ पडते. मग एक नग बाजूला काढून करवतीने उभा कापा. ओला करून कापा, म्हणजे भुसा उडणार नाही, आणि तो भुसा ओल्या फडक्याने टिपून मळीच्या डब्याऐवजी वेगळ्या पिशवीत ठेवा, कारण मळी कोरडीच राहायला हवी. तीन ग्रॅमची तूट म्हणजे साधारण आठ मिलिमीटर व्यासाची पोकळी, ती कापल्यावर लपत नाही. दिसली तर तोंडावर साठा कमी पडतोय. काप भरीव निघाला तर तुमच्या भंगारात कथील किंवा अँटिमनी वजनाच्या दहाव्या हिश्शाच्या आसपास आहे. असा धातू नखाने सहज ओरखडत नाही, आणि तो साच्यात छानच उतरतो. गळाच्या वजनाला तीन ग्रॅमने काही फरक पडत नसेल तर तसाच वापरा. (कडीची तार शिशापेक्षा हलकी असल्यामुळे हिशेबात किंचित फरक येईल, तो सोडून द्या.) बुडवलेले नग परत वितळवायचे असतील तर आधी पूर्ण वाळवून गार भांड्यातून सुरुवात करा, हे आता सांगायला नको.

साचा तोच ठेवून शिसंच टाळता येईल का, हे तुम्ही विचारलेलं नाही, पण विचार करण्यासारखं आहे. पाणपक्षी खडे म्हणून वजनं गिळतात आणि त्यांच्या पेषणीत (दाणे दळणाऱ्या पोटाच्या भागात) शिसं झिजून रक्तात जातं. ब्रिटनमध्ये हंस अशा विषबाधेने मरू लागल्यावर १९८७ पासून ०.०६ ग्रॅम ते २८.३५ ग्रॅमपर्यंतच्या शिशाच्या गळवजनांवर बंदी आली. तुमच्याकडे काय नियम आहेत ते आधी पाहून घ्या. बिस्मथ २७१ अंशांना वितळतं, त्याची घनता ९.८ आहे, त्यामुळे तुमच्या ५० च्या खळग्यात साधारण ४३ ग्रॅमचा नग पडेल. ते गोठताना आकसत नाही, उलट किंचित फुगतं, म्हणून कोपरे सुरेख भरतात. पण ठिसूळ असतं, दगडावर आपटलं तर तुटतं. कथील २३२ अंशांना वितळतं, पण ३२ ग्रॅमच भरेल. दोन्ही शिशापेक्षा महाग. घरात लहान मुलं असतील तर मी त्या पैशांकडे बघणार नाही. शिशाच्याच वजनांवर राहिलात तर नगांना रंगाचा थर द्या, म्हणजे हाताला शिसं कमी लागेल, आणि वजन दोरीवर बसवायला कधीही दात वापरू नका.

नवा साचा केव्हा घ्यावा? खळग्याची कड गोल झालेली असेल, बिजागरी ढिली होऊन दोन अर्धे प्रत्येक वेळी वेगळ्या जागी मिटत असतील, किंवा तापल्यावर अर्धे वाकत असतील तर. वाकणं गार साच्यात कळत नाही. उजेडाची परीक्षा साचा तापलेला असताना, मोजे घालून, परत एकदा करावी लागते. हे नसेल तर धुणं, तापवणं आणि योग्य जाडीची तार एवढ्यावर तुमचा साचा चालायला हवा.

हे सगळं करून पाहा, आणि तरीही पापुद्रा एकाच बाजूला येत राहिला तर तापलेल्या, मिटलेल्या साच्याचा उजेडासमोरचा फोटो, तारेची जाडी आणि दहा नगांचे ते दोन आकडे कळवा. दोष बिजागरीत आहे की खुंटीत, ते त्यावरून सांगता येईल.